जमिनीचा रकाना

कामावर तिला सगळे मुंगी म्हणत. अंगाने एवढीशी, पण सिमेंटची गोणी पाठीवर घेऊन तीन मजले चढायची. मी फरशी बसवणारा मिस्त्री, ती माझ्या हाताखाली बिगारी. कापून उरलेले फरशीचे तुकडे ती मला विचारून घरी न्यायची. दोन वर्षं नेत होती. राजवाडा बांधतेस की काय, म्हणून मी चिडवायचो.

तुकडे लेकीसाठी होते. लेक चौदा वर्षांची. पाय जन्मापासून लुळे, हातांवर जोर देत घरभर बसल्या बसल्या सरकायची. जमीन मातीची, वर खडे आलेले, त्यामुळे मांड्या कायम सोललेल्या. एका सुट्टीच्या दिवशी मी जाऊन ते तुकडे बसवून दिले. एकाचा रंग दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. पण पोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुळकन सरकली आणि हसतच सुटली. मुंगी तोंड फिरवून रडली.

मग यादीवाला आला. गरिबांच्या यादीत नाव होतं म्हणून पोरीच्या आकडीच्या गोळ्या फुकट मिळत. गोळ्या चुकल्या की पोरीला दिवसातून तीन-तीनदा आकडी यायची. यादीवाल्याने छप्पर पाहिलं, चूल पाहिली, पोरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या कागदावर जमिनीचा एक रकाना होता, माती की फरशी. त्याने फरशीपुढे खूण केली आणि दोन महिन्यांनी नाव गेलं. पोरीचे पाय लिहायला रकानाच नव्हता म्हणे.

मुंगीने कचेरीचे उंबरठे झिजवले. एकदा मीही गेलो. ते भंगारातले तुकडे आहेत हो, असं सांगून पाहिलं, शेवटी कारकुनाला नको ते बोललो. घरात काही बदल झाला तरच फेरतपासणी होईल, एवढं एकच तो बोलत राहिला. त्याच आठवड्यात आकडीत पोरीची जीभ दातांखाली सापडली. दुसऱ्या दिवशी मुंगी माझ्या दारात उभी.

"मिस्त्री, तुम्हीच बसवलीत, तुम्हीच काढा. माझा हात धजत नाही."

मी छन्नी-हातोडा घेऊन गेलो. राग असा होता की पहिले चार तुकडे फोडूनच टाकले. पोर सरकत जवळ आली.

"मामा, हळू. अख्खे काढा. परत लावायचेत."

मग निघेल तो तुकडा तिने फडक्याने पुसला आणि खाटेखाली रचून ठेवला.

फेरतपासणीला दुसरा माणूस आला. भला होता बिचारा. उकरलेली जमीन बघून सगळं समजला, तरी मुकाट्याने मातीपुढे खूण केली. नाव परत लागेल म्हणाला, आणि पुढे ते लागलंही. निघताना मात्र त्याची नजर खाटेखाली गेली.

"बाई, हे घरात ठेवू नका. दर वर्षी कोणीतरी येणार, न सांगता. तो माझ्यासारखा असेलच असं नाही."

संध्याकाळी आम्ही तुकडे गोणीत भरले. मी गोणी खांद्यावर घेणार, तेवढ्यात पोर दारापर्यंत सरकत आली. तिच्या मागे मातीत रक्ताचे ठिपके पडले होते. हातात एक निळा तुकडा होता, तळहाताएवढा.

"मामा, एवढा एकच ठेवला तर चालेल का हो?"

मुंगीने तिच्या हातातून तो तुकडा काढून घेतला आणि गोणीत टाकला.