एका खिडकीतले दोन मोर्चे

माझ्या गप्पा कुठल्याही एका कंपनीच्या ताब्यात द्यायच्या नाहीत, असं मी कॉलेजात ठरवलं आणि त्यावर पत्रक काढलं. कोपर स्टेशनबाहेर वाटलं. भेळवाल्याला उपयोगी पडलं.

घरची माणसं मात्र एकमेकींवर टपलेल्या कंपन्यांच्या ॲपवर विखुरलेली. म्हणून मी सगळ्यांचे मेसेज एकाच खिडकीत आणणारा एक फुकटचा प्रोग्रॅम घेतला.

बाबा आणि काका सख्खे भाऊ, राहायला एकाच बिल्डिंगमध्ये. दोघांची संघटना फुटली तेव्हा काकांनी झेंडा बदलला, ॲपही बदललं. तेव्हापासून बोलणं बंद.

यंदा बिल्डिंगचं पाणी बंद झालं. दोघांनी पालिकेवर मोर्चा ठरवला. वेगवेगळा. पत्रकं तपासायला माझ्याकडे आली, खिडकीत एकाखाली एक. वार तोच, वेळ सकाळी अकराचीच, घोषणाही त्याच. मूठभर माणसांचं निवेदन पालिकेतले साहेब गेटवरच ठेवून घेतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. असे वेगवेगळे गेलो तर पाणी येणार नव्हतं.

पत्रक ही लपवायची वस्तू नव्हे, हे मला या दोघांनीच शिकवलं. मी बाबांचं काकांना पाठवलं, काकांचं बाबांना.

"त्याच्या झेंड्यामागून मी चालू?" काकांनी लिहिलं. "आम्ही दुपारी चारला जाऊ."

"अगं, सकाळ त्यालाच लखलाभ," बाबांनी लिहिलं. "आम्ही चारला."

ही उत्तरं मी पुढे पाठवली नाहीत. पत्रक सार्वजनिक असतं, उत्तर खाजगी.

चारला दोन्ही झेंडे गेटवर भेटले. एवढी गर्दी पाहून शिपायाने एकच मोठा मोर्चा आल्याचं आत कळवलं. साहेबांनी तिघांना बोलावलं, निवेदन एकच घेणार म्हणाले. बाहेरच्या बाकावर बाबा एका टोकाला, काका दुसऱ्या, मध्ये मी.

बाबांचा मेसेज आला. "विचार त्याला, निवेदन कोण देणार?"

मी पुढे पाठवला. काकांनी चष्मा लावून उत्तर टाइप केलं. "थोरला आहे ना तो? देऊ दे. पण बोलणार मी."

तेही पाठवलं.

"मोठ्याने बोल म्हणावं. मागे साहेबांसमोर पुटपुटला होता."

हा मेसेज पुढे पाठवावा की नाही, या विचारात मी होते. काका माझ्या फोनमध्ये डोकावत होते.

"पुटपुटलो? मी?" ते बाबांकडे वळून म्हणाले.

"मग काय मी?" बाबा म्हणाले.

आत गेलो तेव्हा भांडण चालूच होतं. पाणी कधीपासून नाही, असं साहेबांनी विचारलं. दोघांनी एकदम सांगितलं, एकाच आवाजात. कुणीही पुटपुटलं नाही.