भरलेली वाटी

सडक अर्जुनीला हायवेलगतच्या एका खानावळीत मी रोज दुपारी जेवायचो. तिथली स्वयंपाकीण गिऱ्हाइकांशी कधी बोलत नसे. पण घासायला आलेलं प्रत्येक उष्टं ताट ती आधी हातात घेऊन निरखायची. कोणी बोटं चाटत उठे, कोणी नाक मुरडून; तिचा भरवसा ताटावर.

एकदा एक ट्रक ड्रायव्हर भडकला. "ये दाल है के नमक का पानी?"

मालक माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही रोजचे. तुम्हीच सांगा."

"चांगली आहे," मी म्हणालो.

ड्रायव्हरनं शिव्या देतच डाळ भातात कालवली, संपवली आणि निघून गेला. तेव्हा ती बाहेर आली. माझी वाटी तिनं तिरकी करून पाहिली. भरलेलीच होती.

"त्यानं शिव्या देल्या, पर ताट पुसून गेला. तुमी रोज चांगलं म्हणता अन् टाकून जाता. मले वाटे तुमची भूकच कमी."

सगळे जेवायचे थांबले होते.

"मीठ जास्त असतं," मी पुटपुटलो.

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

तिनं वाटी उचलली. "मंग इतके दिवस मले काऊन चुकू देल्लं?"