सरांची पहिली पेटी

इंग्रजीत लबाडीला एक शब्द आहे, जिगरी-पोकरी. ऐकायला पोरांच्या खेळातला वाटतो, पण आलाय स्कॉटलंडातून. तिकडे 'जूक' म्हणजे हुलकावणी देणं, नजर चुकवून सटकणं, आणि 'पॉक' म्हणजे कावा. शाळेत आमच्या इंग्रजीच्या सरांनी हे मूळ माझ्याकडून इतकं घोकून घेतलं, की पुढे मीही रत्नागिरीत इंग्रजीचाच मास्तर झालो.

यंदा हा शब्द मला आमच्या काकांच्या आंबाबागेत भेटला. मोहोर जळलेला, झाडांवर औषधालाही आंबा नाही. आणि काकांच्या पडवीत बघतो तर पेंढ्यात घातलेली भलीमोठी अढी घमघमतेय! कर्नाटकातून ट्रक आला होता. पेट्यांवर शिक्का मात्र आमच्या बागेचा, 'अस्सल रत्नागिरी हापूस'.

"काका, हे काय?"

"काय म्हणजे? आमच्या पेंढ्यात पिकला म्हणजे आमचाच झाला!"

अरे वा! उद्या कुणाची म्हैस पडवीत येऊन बसली तर तिलाही आमचं आडनाव लावाल. मी तोंडच सोडलं. आजोबांचं नाव बुडवलंत, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा, सगळं सुनावलं. काका शांतपणे पेटीला खिळे ठोकत होते. म्हणाले, "झालं? मग यंदा सरांची पेटी न्यायची नाही ना?"

दर वर्षी बागेतली पहिली पेटी मी खेडला सरांकडे नेतो. सर आता नव्वदीला टेकलेत, अंथरुणावरच असतात. पुढल्या वर्षी असतील, नसतील. रिकाम्या हाताने कसं जायचं? या वयात त्यांना काय डोंबल कळतंय, म्हटलं, आणि घेतली पेटी. एसटीत मांडीवर सांभाळून नेली.

सरांनी आंबा नाकाशी धरला, देठाकडून वास घेतला. मग सुनेला म्हणाले, "काप गो, लांबून आलाय बिचारा."

दोन फोडी खाल्ल्या, रुमालाने ओठ टिपले आणि शाळेतल्याच आवाजात मला म्हणाले, "जिगरी-पोकरी. मूळ सांग."

मी उठून उभा राहिलो. साठीचा बाप्या, हात मागे बांधून!

"जूक म्हणजे नजर चुकवणं, सर..."

"माझ्याकडे बघून सांग."