उतारावरचा गालिचा

व्हेलोड्रोमच्या वळणावर आज लाल गालिचा वाळत घातला होता. सायकल शर्यतींचा हा गोल ट्रॅक वळणावर भिंतीसारखा तिरका उठतो आणि त्यावर ऊन छान लागतं, हे इथल्या रखवालदारकाकांनी बरोबर हेरलंय. काल मधल्या मैदानात खेळाडूंचा सत्कार झाला. त्याचाच हा धुतलेला गालिचा.

"मॅडम, आजच्या दिवस खालून, हळू चालवा की," काका म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हळू? ट्रॅकवरच्या या सायकलला ब्रेकच नसतो. पंचेचाळिशीत शिकायला आले तेव्हा सरांनी बजावलं होतं, "वळणावर घाबरून वेग सोडलात की घसरलात." कोपर सोलून घेतल्यावर ते पटलं. पुढच्या रविवारी माझी पहिली शर्यत आहे, आणि मी खालून हळू जायचं!

शाली द्यायला मैदान हवं, फोटो काढायला खेळाडू हवेत. खेळायला निघालं की मात्र 'जरा सांभाळून घ्या'. घरात सांभाळून घेतलं, ऑफिसात घेतलं. ज्याला हवं त्यानं माझ्या वाटेत आपला गालिचा पसरला, आणि मी मुकाट्यानं कडेकडेनं गेले.

"धरा ते टोक," मी म्हणाले.

"अहो, ओला आहे अजून!"

"असू दे."

आम्ही गालिचा ओढत गवतावर नेला. त्याच्याखालचा सिमेंटचा उतार ओलाकच्च होता.

"बघा, आता थांबावंच लागणार," काका हसले.

थांबले. हेल्मेट मात्र काढलं नाही.