केसांवर मिळालेली वाटी

"केसांवर भांडीऽऽ" अशी हाक आली, तशी मी खिडकीच्या खिळ्यावरची पिशवी काढली. विंचरताना निघालेलं गुंतवळ आई अशाच पिशवीत साठवायची. माझी पिशवी एरवी वर्षभरातही भरत नसे. यंदा दिवाळीआधीच फुगली.

संधिवाताची गोळी दर रविवारी घ्यायची असते. नाही घेतली तर बोटं वाकडी होतात. घेतली तर केस गळतात, शिवाय यकृताची धास्ती. डॉक्टर म्हणतात, "सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही." लेक फोनवर म्हणते, "आई, नको ते वाचत बसू नकोस." दोघांचंही खरं असेल. पण रविवारी ती गोळी तळहातावर घेऊन मी बराच वेळ बसून राहते. भीती बोलून दाखवली की निम्मी होते म्हणतात. माझी अजून अख्खी आहे.

भांडीवालीनं केस हातात तोलले. "लई जमले की, ताई!" ती खुशीत म्हणाली. मग तिची नजर माझ्या बारीकशा वेणीवर गेली. तिनं झाकणाची एक डबी पुढे केली. घट्ट झाकण माझ्या बोटांना काही निघेना. काही न विचारता तिनं डबी परत घेतली आणि एक उघडी वाटी माझ्या हातात ठेवली.

येत्या रविवारी गोळी त्या वाटीत काढून ठेवीन. मग ती कुणीतरी दिल्यासारखी वाटेल.