शिंक आली की सुई

आमच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंना कोणी घाबरत नाही, घाबरतात सिस्टरना. मी दारातल्या काउंटरवर नंबर लावते. तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहे, पण सिस्टर आल्या की मीसुद्धा खुर्चीवर नीट पाय खाली सोडून बसते. सिस्टर नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. तरीही मुलांना लस द्यायला अख्ख्या भागातल्या आया त्यांच्याचकडे यायच्या, आणि त्याचं कारण होतं मांजर.

मांजर म्हणजे फोनमधली क्लिप. जपानी ॲनिमेतली, म्हणजे तिकडच्या कार्टूनमधली, जेमतेम मिनिटभराची. एके काळी ती ज्याच्या त्याच्या फोनमध्ये होती. सिस्टर फोन कापसाच्या डब्याला टेकवून ठेवायच्या आणि क्लिप लावायच्या. मूल टक लावून बघत बसायचं, मांजर शिंकायचं आणि त्याच क्षणी सुई आत. "पोराला कळायच्या आत काम फत्ते!" असं त्या येईल त्याला ऐकवायच्या. मुलांना गंडवण्याचा एवढा अभिमान मी दुसऱ्या कुणाला झालेला पाहिला नाही. आणि हे असं बारा वर्षं.

गेल्या वर्षी तो फोन फरशी पुसायच्या बादलीत पडला. नवा आला, क्लिप गेली. "गेली तर गेली. मला काय मांजराचं कौतुक!" म्हणाल्या. लसवाली बाळं काय, रडतात आणि विसरतात. काम चालू राहिलं.

घोडं अडलं ते कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या ताईंच्या मुलीपाशी. आठ वर्षांची चिमुरडी, तिला मधुमेह निघाला. दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचायचं, तेही जन्मभर. लहानपणीच्या सगळ्या लसी हिने मांजर बघत हूं की चूं न करता घेतलेल्या. आता मात्र आई आणि आजोबा दोघं मिळून धरायचे तेव्हा कुठे टोचणं व्हायचं. एकदा ती आईच्या हाताला कडकडून चावली. आजोबा टोचून झालं की गॅलरीत जाऊन नाक शिंकरत बसायचे. शेवटी ताई तिला घेऊन आमच्याकडे आल्या.

"मांजर लावा, मग घेते," मुलगी म्हणाली. रडणं नाही, हट्ट नाही. सरळ सौदा.

"मांजर नाही गं राहिलं. हा बघ ससा. हे अस्वल बघ, कसं नाचतंय!"

"ससा नको. ससा आला की कधी टोचणार ते कळत नाही."

सिस्टरनी ते कानावर घेतलं नाही. त्यांनी सुई घेतली, मी पोरीचे पाय दाबून धरले. पाय धरणं माझ्या कामात बसत नाही, पण धरले. सुटल्यावर पोर टेबलाखाली जाऊन बसली ती अर्धा तास बाहेर येईना. त्या दिवशी सिस्टर जेवणाचा डबा न उघडताच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर फोन आपटला. "शोध."

"काय लिहू? मांजर कुठल्या रंगाचं होतं?"

सिस्टर माझी नंबरांची वही सरळ करायला लागल्या.

"अहो सिस्टर, हजार वेळा लावलीत ना?"

"लावली. बघितली कुठे? माझी नजर दंडावर असायची. इकडेतिकडे बघत सुई मारतात का?"

आता बोला! बारा वर्षं बाईंनी ती क्लिप फक्त ऐकली होती. आधी घंटी, मग टपटप पावलं, मग खोल श्वास, मग शिंक. मला हसू फुटलं आणि लगेच गिळावं लागलं, कारण बाईंचे डोळे भरले होते. "ती पोर माझ्यावर विश्वास टाकून आली होती गं," म्हणाल्या. असं काही बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी भागातली वाढलेली पोरं गाठायचा सपाटा लावला. रस्त्यात कुणी उंच झालेलं दिसलं की, "थांब! लस माझ्याकडेच घेतलीस ना? सांग, मांजर काय करत होतं?" एका मिशीवाल्याला तर चालत्या मोटारसायकलवरून उतरवलं. त्याला बरंच आठवत होतं. मांजर पोस्टमन आहे, सायकलवरून येतं, पत्रांचा उंच गठ्ठा घेऊन पायऱ्या चढतं. एकीला लाल मफलर आठवला, एकाला नुसत्या मिशा.

"आणि शिंकल्यावर?" सिस्टर प्रत्येकाला विचारायच्या.

"पुढचं माहीत नाही. पुढे सुई," सगळे एकच सांगायचे.

मिशीवाला वर म्हणाला, "आम्हाला माहीत असायचं हो सिस्टर. शाळेत लहान पोरांना आम्हीच शिकवायचो, शिंक आली की सुई, तेव्हा दात आवळून घे."

बाईंचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. बारा वर्षांचं गंडवणं एका वाक्यात पाण्यात! मला त्यांची खरंच कीव आली, पण म्हटलं असतं तर मलाच ओरडल्या असत्या.

नेटवर ती क्लिप केव्हाच काढून टाकली होती. पण हरवलेल्या क्लिपा शोधायचा छंद असलेली माणसं असतात म्हणे. मिशीवाल्याने त्यांच्या ग्रुपवर गोष्ट लिहिली. त्यांनी सांगितलं, आवाज पाठवा. मग काय! सिस्टर ड्रेसिंगच्या खोलीत शिरल्या, दार लावलं आणि घंटी, टपटप, श्वास, शिंक, सगळं स्वतःच्या तोंडाने काढलं. तीनदा. बाहेर बाकड्यावरचे आजारी लोक पोट धरून हसत होते. मीच डोळे वटारून त्यांना गप्प केलं.

एकोणीस दिवस गेले. दिवसाला चार टोचण्या, म्हणजे शहात्तर वेळा धरपकड. विसाव्या दिवशी कुठल्याशा परक्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या माणसाने फाइल पाठवली. "हीच का?" सिस्टरनी डोळे मिटून ऐकली. शिंक आली तशा म्हणाल्या, "हीच," आणि तिथेच बंद केली. "पुढचं पोरीसोबत."

संध्याकाळी ताई मुलीला घेऊन आल्या. फोन कापसाच्या डब्याला टेकला. सिस्टरनी इन्सुलिनच्या पेनवर मात्रा लावली, तोच मुलीने हात पुढे केला.

"ते माझ्याकडे द्या."

"अगं ए!" ताई ओरडल्या.

"कधी टोचायचं ते मला माहीत आहे," मुलगी म्हणाली.

सिस्टरनी पेन तिच्या हातात ठेवलं. मग मांडीवरची कातडी चिमटीत कशी धरायची ते दाखवलं. "आत गेली की बटण दाबायचं आणि दहा मोजायचे. आधी काढायची नाही." आणि क्लिप लावली.

घंटी वाजली. टपटप झालं. मुलीने दात आवळले. मांजराने श्वास घेतला, मुलीनेही घेतला. शिंक आली आणि सुई आत गेली. "एक... दोन..." सिस्टरची नजर सवयीने मांडीवरच खिळलेली.

"इथे मी बघते," मुलगी म्हणाली. "तुम्ही मांजर बघा. तीन... चार..."

सिस्टरनी मान वळवली. शिंकेने सगळी पत्रं उडाली होती. मांजर डोकं धरून पायरीवर बसलं होतं. मग एकेक खिडकी उघडली, प्रत्येक खिडकीतून एक हात आला आणि प्रत्येक हातात एक पत्र पडलं.

"अगं बाई, पोहोचली की सगळी!" सिस्टर म्हणाल्या आणि पदर नाही म्हणून कापसाच्या बोळ्यानेच डोळे पुसायला लागल्या.

"दहा." मुलीने सुई बाहेर काढली. मान वर करून बघते तर क्लिप संपलेली. "शिंकल्यावर काय झालं? मी इकडे बघत होते ना!"

"ये, बस इथे. सांगते," सिस्टर म्हणाल्या. बाहेर सात नंबर खोळंबले होते. मी दार लोटून घेतलं.