मर्जीचा नियम

मोरेश्वर गेल्याची बातमी काशिनाथ घेऊन आला. बेटेगावहून बस बदलत पालघरला, थेट माझ्या शाळेत. फोन करता आला असता, पण असल्या गोष्टी तोंडासमोर सांगाव्यात असं त्याचं मत. व्हरांड्यात उभा राहून म्हणाला, "मास्तर, भाऊ गेले सकाळी." मग जरा थांबून, "झोपेत नाय गेले. जागे होते."

कारखान्यातल्या शोकसभेत मोरेश्वरला 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व' म्हटलं गेलं. बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नमुने तपासण्यात त्याची बावीस वर्षं गेली, एवढं त्या वक्त्याला ठाऊक होतं. बाकीचे आयाम कोणते, हे त्याने सांगितलं नाही. मोरेश्वरने ते भाषण तपासलं असतं, तर त्या शब्दापुढे 'मर्जीचा' असं लिहून तो गाळून टाकला असता.

हे 'मर्जीचा' प्रकरण समजावून सांगायला हवं. ऐंशीच्या आसपास मोरेश्वरच्या, बोटीवर नोकरी करणाऱ्या मामेभावाने परदेशातून एक इंग्रजी पुस्तक आणलं. ते एका खेळाच्या नियमांचं होतं. या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपापल्या माणसाने काय करायचं ते ठरवतात. ते जमलं की फसलं, हे नशिबाने आलेला आकडा सांगतो. पुस्तकात राक्षस, तळघरं आणि बर्फाचे डोंगर होते. मोरेश्वरने ते सगळं बाजूला ठेवलं आणि दोनशे पानी वहीत मराठीत नवे नियम लिहायला घेतले. त्यात आपल्या खाड्या आल्या, जुने किल्ले आले, मनोरच्या बाजूचं जंगल आलं. फासे मिळेनात म्हणून वीस चिंचोक्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले. गोष्ट सांगणाऱ्याला सूत्रधार म्हणावं, असं मी सुचवलं. तो म्हणाला, "नको रे. सूत्रधार म्हटलं की शाल अंगावर आल्यासारखी वाटते. नुसतं 'सांगणारा' म्हणू."

दर दोनेक वर्षांनी तो नियमांची नवी आवृत्ती काढायचा. प्रत आमच्यापुरती एकच, तरी पहिल्या पानावर 'सुधारून वाढवलेली' असं लिहायचा. प्रत्येक नियमाच्या समासात 'सक्तीचा' किंवा 'मर्जीचा' अशी खूण असे. मर्जीचा म्हणजे लावला तर लावला. ते सांगणाऱ्याने ठरवायचं. वहीच्या शेवटी 'सांगणाऱ्याची साधने' असं प्रकरण होतं. वाऱ्याचं कोष्टक, गावांच्या नावांची यादी, ऐन वेळी कुणी अनोळखी माणूस गोष्टीत आणावा लागला तर त्याचा स्वभाव कसा काढायचा, वगैरे. पहिलं साधन म्हणजे पुठ्ठ्याचा आडपडदा. त्यामागे बसून सांगणाऱ्याने काही चिंचोके गुपचूप काढायचे. मी आयुष्यभर सरकारी परिपत्रकं वाचली आहेत. त्यातली बहुतेक लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी असतात. दुसऱ्याच्या रविवारच्या दुपारसाठी इतका जीव ओतून नियम लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आम्ही चौघं खेळायचो. सांगणारा मोरेश्वर, मी, बँकेतला दत्ता आणि काशिनाथ. काशिनाथ एका यंत्रसामग्रीच्या कारखान्यात होता. खेळात त्याचा माणूस होता धाकू तांडेल, होडी हाकणारा. वल्ह्याला आणि कोयत्याला सारखाच पक्का.

मग एका पावसाळ्यात काशिनाथच्या उजव्या हाताची तीन बोटं यंत्रात गेली.

दोन महिन्यांनी तो पुन्हा रविवारी येऊ लागला. बसायचा, पण बोलायचा नाही. धाकू तांडेल होडीच्या मागच्या टोकाला गप्प असायचा. दुसऱ्या आवृत्तीपासून वहीत गंभीर जखमांचं कोष्टक होतं, तेही मर्जीचं. 'तीन' आला तर हाताचा पंजा निकामी. दत्ता मला हळूच म्हणाला होता की, ते कोष्टक आता काढायला सांगू या. मी मोरेश्वरला सांगितलंही. त्याने नुसती मान हलवली होती.

पुढे एका रविवारी खाडीच्या तोंडाशी धाकूवर वार झाला. मोरेश्वरने पडद्यामागे चिंचोका काढला, पाहिला आणि मुठीत धरला. "अकरा," तो म्हणाला. "नुसतं खरचटलं."

काशिनाथने सगळ्यांच्या पुढ्यातले चिंचोके पाहिले. आमच्यात एकदा निघालेला चिंचोका लढाई संपेपर्यंत डब्यात परत जात नसे. ज्याच्यासाठी निघाला, त्याच्या पुढ्यात ठेवायचा. हा नियम सक्तीचा.

"भाऊ," काशिनाथ म्हणाला, "अकरा मघाशीच आलाय. तो काय, दत्ताच्या पुढ्यात हाय."

दत्ताने खाली पाहिलं. अकरा तिथेच होता. दहा वर्षं स्वतःचे नियम घासूनपुसून घेणारा माणूस खोटं बोलायला गेला, आणि नेमका खर्ची पडलेला आकडा बोलला...

"घरात बायको भात कालवून देते," काशिनाथ म्हणाला. आवाज चढला नव्हता. "कारखान्यात सुपरवायझर बसायला स्टूल देतो. पोरगा चपला पायापुढं आणून ठेवतो. आमी येतो कशाला हितं? हितंबी तुमी तेच करणार असाल, तर मी पुढल्या रविवारी नाय येत."

मोरेश्वरने मूठ उघडली. पुठ्ठ्याचा पडदा घडी करून खुर्चीखाली सरकवला. "चुकलो, काशी," तो म्हणाला. "तीन आहे."

"मग तीनच."

चिंचोका काशिनाथच्या पुढ्यात ठेवला गेला. दत्ता म्हणाला, "एका हाताचा तांडेल. होडी गोल गोल फिरणार आता."

काशिनाथ हसला. अपघातानंतर पहिल्यांदाच. "तू बस होडीत, मग दाखवतो."

पुढचे चार रविवार आम्ही फक्त एका हाताने होडी कशी हाकायची ते काढत होतो. वल्हं कोपराला दोरीने बांधून, सुकाण पायाने धरून. काशिनाथ बोलत होता आणि मोरेश्वर शाळकरी पोरासारखा लिहून घेत होता. पुढच्या आवृत्तीत साधनांमधून आडपडदा गेला. मर्जीच्या नियमांखाली एक ओळ वाढली: मर्जी सांगणाऱ्याची नव्हे, ज्याच्या अंगावर बेतणार, त्याची. मला त्या ओळीपुढे आजही मान खाली घालावीशी वाटते. किती मोठमोठ्या लोकांना ती सुचलेली नाही.

गेल्या वर्षी मोरेश्वर आजारी पडला. मुंबईला तपासण्या झाल्या. त्याच्या पत्नी सुलभावहिनींनी आम्हा तिघांना स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की, यांना अल्सर झालाय म्हणायचं, दुसरं काही नाही. आम्ही माना हलवल्या. पुढच्याच रविवारी मोरेश्वरने खेळ मध्येच थांबवून काशिनाथला विचारलं, "काशी, मला काय झालंय?" आणि काशिनाथने सांगितलं. आजाराचं नाव, डॉक्टरांनी सांगितलेली मुदत, सगळं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

वहिनींनी काशिनाथशी बोलणं सोडलं. त्याच्यापुढे चहा ठेवायच्या, पण नजरेला नजर द्यायच्या नाहीत. मोरेश्वर मात्र दुसऱ्याच दिवशी नवीन वही घेऊन शेवटची आवृत्ती लिहायला बसला.

परवा मी आणि काशिनाथ वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी ती वही आमच्यापुढे ठेवली. यावेळी समासात मोरेश्वरने एक नवीच गोष्ट केली होती. जो नियम बदलला, त्याच्यापुढे तो कुणामुळे बदलला त्याचं नाव. दत्ताचं सात ठिकाणी, माझं दोन, काशिनाथचं जवळजवळ पानोपानी. शेवटच्या पानावर अक्षर वाकडंतिकडं झालेलं: 'माणसापासून त्याचं स्वतःचं मरण लपवू नये. सक्तीचा.' समासात, 'काशी'.

त्याच्या खाली वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात, एकच शब्द होता. 'मान्य.'

वहिनी कधी खेळायला बसल्या नव्हत्या. काशिनाथने ते पान पाहिलं आणि वही मिटली. वहिनी त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "काशीभाऊ, येत्या रविवारी किती वाजता येताय?"